अठ्ठेचाळीस सेकंदांचा थांबा

१

मायाक्का गोफणे मेली त्या मंगळवारी तिच्या थांब्यावर बस दोनदा आली होती. निदान नोंद तरी तसं सांगत होती.

सकाळी दहा बेचाळीसला मार्ग क्रमांक सत्तावीसची बस गोफणेवस्तीच्या थांब्यावर आली, अठ्ठेचाळीस सेकंद उभी राहिली आणि पुढे गेली. अकरा एकतीसला ती परत आली, एकोणपन्नास सेकंद थांबली आणि सोलापूरकडे निघाली. एकसष्ट वर्षांच्या मायाक्काला याच बसने शहरात डायलिसिसला जायचं होतं. साडेबाराला ती थांब्याजवळ मेलेली सापडली.

बस सोनवेस परिवहन संस्थेची. प्रत्येक बसमध्ये ती कुठे आहे हे दर सेकंदाला कळवणारं यंत्र बसवलेलं. त्यासाठी पैसा दिला होता मार्गसुधार निधीने, म्हणजे तुमच्याआमच्या करातून. बस कुठे धावते, कुठे रेंगाळते हे पाहून मार्ग सुधारायचे, आणि जिथे काहीच जात नाही अशा वस्त्या शहराला जोडायच्या, असा त्यामागचा हेतू. मार्ग सत्तावीस हा त्या योजनेचा मानाचा तुरा होता. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचाच नकाशा छापला होता.

मायाक्काला न घेताच बस नेली म्हणून चालक संगप्पा कोठडीत होता. निधीच्या समितीने घटनेनंतर नवव्या दिवशी मला बोलावलं. मी निवेदिता सरदेशपांडे. सव्वीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला, आता असल्या योजनांच्या नोंदी तपासते. समितीचे सचिव फोनवर म्हणाले, "मॅडम, चालकाचा दोष आहे हे उघड आहे. फक्त यंत्रणा नीट चालली होती एवढं तुम्ही लिहून द्या. दुसरा हप्ता अडकलाय."

एक बाई मेली होती, आणि अडकला होता तो हप्ता.

मी आधी वस्तीवर जायचं ठरवलं.

२

वस्ती शहरापासून एकोणीस किलोमीटरवर. पंधरा-वीस घरं, मेंढ्यांचे वाडे, मधून बाभळी. मायाक्काचा मुलगा बाळासो अंगणात दोर वळत बसला होता. सून सुकन्या दारात उभी होती.

"आदी वडापची, शिटा भरून न्हेनारी जीप व्हती," बाळासो म्हणाला. "आठ वाजता जायची, चारला यायची. मंगळवारी न् शुक्रवारी आय त्यातनं जायची रगत साफ कराया. मग फेब्रुवारीत सायेब लोक आले. म्हन्ले, आता सरकारी येष्टी सुरू झालीया, वडाप बंद. जीपवाल्याला दंड मारला. जीप गेली, पन येष्टी काय आली न्हाय."

"एकदाही नाही?"

"पयले आठ दिस आली की. फुगं लावून. मंग न्हाय."

सुकन्या म्हणाली, "तवापास्नं कुनाचा टेंपो मिळंल तवाच आत्या जायच्या. मागल्या शुक्रवारी बी आत्या बसून बसून माघारी आल्या. पाय सुजलं व्हतं. मंगळवारी ह्ये मेंढरं घिऊन लांब गेल्याले. आत्या म्हन्ल्या, बगती, येष्टी आली तर आली. पावनेअकरा वाजून गेल्यावर त्यांचा फोन आला. म्हन्ल्या, गाडी आली, थांबली, पन मला घेतलं न्हाय. मी हात बी केला."

हेच वाक्य पोलिसांनी संगप्पाविरुद्ध लिहून घेतलं होतं. मी ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. तिने शब्दही बदलला नाही.

"सुकन्या, तुझ्या सासूबाई बसला काय म्हणायच्या?"

"येष्टीच. आमी समदी येष्टीच म्हन्तो."

"आणि गाडी कशाला म्हणायच्या?"

ती हळू आवाजात म्हणाली, "मोटारीला. बारकी, काचंची."

थांबा पाहायला आम्ही तिघं गेलो. निधीच्या कागदांत इथे पत्र्याची शेड होती, बाक होता, पाटी होती. फोटोही होता. प्रत्यक्षात चार बोल्ट जमिनीतून वर आलेले.

"मार्चात वावटळीनं पत्रं उडालं," बाळासो म्हणाला, "उरल्यालं कुनीतरी न्हेलं." त्याने रस्त्यापलीकडची बाभूळ दाखवली. "तितं पडली व्हती. रिपोर्टांची पिशवी उशाला घिऊन. मला वाटलं झोपलीया. मीच उचलली. शेजारच्या टेंपोत घातली न् घरी आनली. पोलीस आले ते घरी."

"बाभळीखाली तिला आणखी कोणी पाहिलं?"

"कोन बगनार ताई? दुपारचं कुत्रं नसतंय हितं."

३

सोनवेस परिवहनच्या कचेरीत मला तीन माणसं भेटली.

आगारप्रमुख कमलाकर अष्टपुत्रे निवृत्तीला आलेले, कपाळावर गंध, बोलणं मऊ. त्यांनी माझ्यापुढे चहा आणि शेंगाचटणीचा डबा एकदमच सरकवला. "आमच्या आगारातून सत्तावीसची बस निघाली, मॅडम. संगप्पाची सही आहे हजेरीपटावर. यापेक्षा मी काय सांगू?"

"त्या मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. दहा ते बारा या वेळात चालकांची नेत्रतपासणी होती, चाळीस माणसं साक्षीला आहेत." त्यांनी डब्याचं झाकण दोनदा उघडलं आणि दोनदा लावलं.

दुसरा राजस, यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. मी विचारलं, "या नोंदी संगणकावर बसून खोट्या तयार करता येतात का?"

"येतात, पण त्या गुळगुळीत दिसतात. हा ठिपका बघा." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "खड्डा आला की हळू होतो, वळणावर जरा भरकटतो. हे यंत्र खरोखर त्या रस्त्याने गेलंय. मी पैजेवर सांगतो."

"आणि यंत्र बसमधून काढलं तर?"

त्याने पडदा परत स्वतःकडे वळवला. "काढलं तर आम्हाला इशारा येतो."

"आला होता?"

"मला जुनं बघावं लागेल," असं म्हणून तो हेल्मेट उचलून निघाला. बाहेर त्याची दुचाकी दोन-तीन लाथांनंतर सुरू झाली.

तिसरी ज्ञानदा, योजनेची समन्वयक. पस्तिशीची, जुळे सोलापूरला राहणारी, बोलण्यात अतिशय तयार. तिच्या टेबलामागे ते मुखपृष्ठ चौकटीत लावलेलं. "मॅम, या प्रोजेक्टमध्ये आम्ही भावनेवर नाही, डेटावर काम करतो," ती म्हणाली. "बस आली हे प्रूव्ह झालंय. ड्रायव्हरने माणुसकी दाखवली नाही. सिस्टिम काय करणार?"

"तुम्ही वस्तीवर गेला होतात?"

"उद्घाटनाला. नंतर गरजच पडली नाही, सगळं इथे स्क्रीनवर दिसतं." तिने सुस्कारा सोडला. "वाईट मलाही वाटतं. पिशवी उशाला घेऊन बिचारी उन्हात पडून राहते आणि आपण काही करू शकत नाही. पण म्हणून अख्खी योजना बदनाम करायची का? पुढच्या महिन्यात मुंबईत याचं प्रेझेंटेशन आहे."

ती आकडे सांगत राहिली. मंगळवारच्या पहिल्या फेरीत अकरा प्रवासी होते म्हणे. मी लिहून घेत होते. मध्येच माझा पेन थांबला. पण तेव्हा मी काही बोलले नाही. नुसत्या एका वाक्यावर माणूस पकडता येत नाही.

४

संगप्पाला भेटायची परवानगी मिळाली. अक्कलकोटकडचा माणूस, पन्नाशीचा, रडून रडून डोळे चिंचोक्यासारखे झालेले.

"अय्यो बाई, मी गेलोच न्हाई की! सत्तावीसची बस फेब्रुवारीपास्नं आगारात मागच्या भिंतीला उभी हाय. गियरबॉक्स गेला. पुढची दोन चाकं दुसऱ्या बसला लावली. बिनचाकाची बस मी कशी चालवू, सांगा?"

"मग हजेरीपटावर सही?"

"महिन्याच्या सह्या एकदम घेतल्या. अष्टपुत्रे सायबांनी. म्हन्ले, संगप्पा, वरून हिशेब मागत्यात, दे करून. मी दिल्या. माझी चूक. पन म्हातारी मारायचं पाप माझं न्हाई."

परतताना मी आगाराच्या मागच्या भिंतीपाशी गेले. बस तिथेच होती. पुढचा भाग विटांवर टेकवलेला. चालकाच्या डोक्यावर जिथे यंत्र असायला हवं, तिथे चार रिकामी भोकं. टपावर पिंपळाची पानं कुजून त्यांचा चिखल झालेला, आणि आत सीटखाली मांजर व्यालेलं.

ही बस नोंदीप्रमाणे त्या मंगळवारीसुद्धा दोन फेऱ्या करून आली होती. प्रवासी: सतरा.

म्हणजे यंत्र फिरत होतं, पण दुसऱ्याच वाहनात. ते कोणतं, हे मला त्या ठिपक्यालाच विचारायचं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नकाशा हातात घेऊन रिक्षाने ठिपक्याच्या मागे निघाले. रिक्षावाला मल्लेश शहराच्या पूर्वभागातला, वळणावळणाला तेलुगूत स्वतःशी पुटपुटणारा.

बसचा ठरलेला मार्ग हमरस्त्याने होता. ठिपका मात्र शहराबाहेर पडताच डावीकडे वळत होता आणि रेल्वेच्या पुलाखालून जात होता. आम्हीही वळलो. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या वर पिवळा लोखंडी खांब आडवा घातलेला. उंच वाहनं आत शिरून अडकू नयेत म्हणून.

"मल्लेश, इथून बस जाईल?"

तो हसला. "बस? ऊस भरलेली ट्रॉली पण नाही जात, म्याडम. कार जाते, रिक्षा जाते, बाकी काय नाही."

मार्गाची तपासणी करणाऱ्यांनी फक्त थांबे पाहिले होते. दोन थांब्यांच्या मधे ठिपका कुठून गेला हे पाहायची कोणाला गरज वाटली नव्हती. गेले तीन महिने निधीच्या पडद्यावर एक बस रोज लोखंडी खांबातून आरपार जात होती आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

वस्तीच्या थांब्यावर ठिपका रोज पंचेचाळीस सेकंदांपेक्षा थोडा जास्त थांबत होता. पंचेचाळीसच्या आत थांबलं तर थांबा मोजायचा नाही, असा योजनेचा नियम. पुढे दीड किलोमीटरवर तो चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उभा राहत होता. नोंदीत तिथे लिहिलं होतं, 'शेवटचा थांबा, विश्रांती'.

तिथे थांबा नव्हता. नवं काळं फाटक होतं, आत लाल कौलांचं अर्धवट बांधलेलं टुमदार घर, ठिबकवर वाढणारी आंब्याची कलमं. एक म्हातारी कलमांना आळी करत होती. नाव केराबाई.

"इथे रोज कोण येतं आजी?"

"येत्यात की. पावनेअकराच्या सुमाराला. झाडं बगत्यात, गवंड्याला काय-बाय सांगत्यात, च्या घेत्यात न् जात्यात. पांडरी मोटार हाय."

"बस येते का कधी?"

"हितं?" केराबाई तोंडाला पदर लावून हसली.

"येणाऱ्यांचं नाव काय?"

तिचं हसू थांबलं. "नाव सांगू नको म्हन्लंय. माझी रोजी जाईल, बाई."

मी तिला आग्रह केला नाही. नाव मला आता तिच्याकडून नको होतं.

६

दुपारी तीनला मी तिघांना कचेरीतल्या बैठकीच्या खोलीत बसवलं. समितीचे सचिवही आले. हप्त्याची फाईल ते सोबतच घेऊन आले होते. तपास करणारे फौजदार दाराशी बसले.

मी पुलाखालच्या खांबाचा फोटो पुढे ठेवला, मग विटांवरच्या बसचा. "यंत्र मोटारीत होतं. मायाक्काचं वाक्य आपण सगळ्यांनी चुकीचं वाचलं. ती बसला येष्टी म्हणायची. ती म्हणाली गाडी, आणि तिला म्हणायची होती मोटारच."

राजसच सर्वांत आधी बोलला. "यंत्र काढल्याचा इशारा फेब्रुवारीत आला होता. बंद करा, चाचणी चालू आहे, असा मेल आला. मी बंद केला. मला फक्त एवढंच सांगितलं होतं."

"आणि मी यंत्र काढून दिलं," कमलाकर टेबलाकडे पाहत म्हणाले. "बस दुरुस्त व्हायला तीन महिने. तोवर पडदा रिकामा दिसला तर निधी बंद, असं ठरलं. मला वाटलं, कोणाचं काय नुकसान आहे?"

"वडापची जीप बंद केल्यावर त्या लोकांना दुसरं काय होतं, अष्टपुत्रे?"

त्यांनी टेबलावरचा बसचा फोटो स्वतःपासून दूर सरकवला.

"कोण चालवत होतं, ते सांगते. राजसकडे दुचाकी आहे, आणि थांब्यापुढच्या नव्या घराशी रोज येते ती पांढरी मोटार. अष्टपुत्रे त्या वेळी चाळीस माणसांसमोर होते. पण मला या दोन्ही गोष्टींची गरज नव्हती." मी ज्ञानदाकडे वळले. "काल तुम्ही मला म्हणालात, पिशवी उशाला घेऊन बिचारी उन्हात पडून राहते. बातमीत आलं होतं, शेडमध्ये मृत्यू. पंचनाम्यात आहे, प्रेत घरी आढळलं. पिशवीचा शब्द एकाही कागदात नाही. तिला तसं पडलेलं फक्त तिच्या मुलाने पाहिलं, आणि त्याच्याआधी तिथून जो गेला त्याने. उद्घाटनानंतर तुम्ही तिकडे गेलाच नव्हतात. मग पिशवी कुठे पाहिलीत?"

ज्ञानदाने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला.

"तुमच्या फिरतीच्या नोंदी रोज दहा ते बारा, 'क्षेत्रभेट'. घर कोणाच्या नावावर आहे?"

"सासूबाईंच्या," ती म्हणाली. मग एकदम आवाज चढवून, "मी तिला काही केलं नाही! मी हातसुद्धा लावला नाही!"

"हात लावला नाहीत, ते खरं आहे."

"मी थांबले होते! बसने थांबायला हवं तेवढी थांबले. ती काचेवर हात आपटत होती. आत सीटवर ते यंत्र होतं, दिवा लुकलुकत होता. काच उतरवली असती तर तिने पाहिलं असतं, वस्तीत सांगितलं असतं. दार कसं उघडणार होते मी?"

"आणि परत येताना?"

"परत येताना ती आडवी झाली होती. मला वाटलं, झोपली."

"मग पुन्हा का थांबलात?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी बावळट विचारलंय. "थांबावंच लागतं ना. नाहीतर फेरी मोजत नाहीत."

म्हणजे मरत असलेल्या बाईपासून दहा पावलांवर, गार हवा लावून, ती घड्याळाकडे बघत बसली होती. पंचेचाळीसपर्यंत मोजलं, वर तीन-चार सेकंद खात्रीसाठी दिली, आणि गाडी पुढे काढली. त्याच संध्याकाळी तिने नोंदीत प्रवासी भरले. अकरा.

मी उठले आणि दोन्ही फोटो फौजदारांच्या हातात दिले. मी वळले तेव्हा सचिव फौजदारांना हळू आवाजात विचारत होते, "बाकीच्या मार्गांची माहिती तरी वापरता येईल ना हो?"

७

संगप्पा सुटला. ज्ञानदावर गुन्हा दाखल झाला, तिला नोकरीतून काढलं. कमलाकर निलंबित झाले. राजसच्या कंपनीने त्याला दुसऱ्या शहरात पाठवलं आणि विषय संपवला.

समितीची बैठक पंधरा दिवसांनी झाली. सत्तावीसच्या खोट्या नोंदी पुसून टाकल्या होत्या. आता पडद्यावर फेऱ्या शून्य, प्रवासी शून्य. त्यावर ठराव आला: 'या मार्गावर प्रवाशांची मागणी आढळून येत नसल्याने तो नकाशातून वगळण्यात यावा.' सातपैकी सहा सह्या झाल्या. सातवी, तपासनीस म्हणून, माझी हवी होती. मी केली नाही. भिन्नमताची दोन पानं जोडली आणि उठले. तिसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसऱ्या तपासनिसाची नेमणूक झाल्याचं पत्र आलं.

तपासाचा अहवाल घेऊन मी वस्तीवर गेले. बाळासोला वाचता येत नव्हतं, म्हणून मी अंगणात बसून सगळा वाचून दाखवला. वेळा, सेकंद, काच, पिशवी. सुकन्या मधेच उठून आत गेली. तो शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होता.

"म्हंजी ती बाई दोनदा थांबली," तो म्हणाला.

"हो."

"मोटार थांबली तवा आयला वाटलं आसंल की आता दार उगडंल." त्याने हातातला दोर बाजूला ठेवला. "पयल्यांदा तरी वाटलं आसंल. दुसऱ्यांदा तिला कळत व्हतं का न्हाय, कुनाला ठावं."

मी अहवालाची पानं मिटवली आणि विचारलं, "बाळासो, काय करायचं म्हणतोस? भरपाईचा दावा लावता येईल."

"ते लावू मागनं. शेजारच्या नागम्माची पोर सातव्या म्हैन्यात हाय ताई. तिला दवाखान्यात न्याया काय न्हाय हितं. ती वडापची जीप तेवडी परत सुरू करून द्या."

मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि परिवहन अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज लिहायला घेतला. सुकन्या आतून शाईचा पॅड घेऊन आली. अंधार पडायच्या आत वस्तीतल्या बेचाळीस माणसांच्या सह्या आणि अंगठे झाले.